अस्मानी, सुलतानी आणि आमची सामाईक भिंत

आमच्या जसोंडीच्या घराची उत्तरेकडची भिंत 2013 सालच्या पावसाळ्यात, श्रावणातल्या एका रात्री पडली. पडली म्हणजे धाडकन कोसळली नाही. आधी आठ दिवस झड लागली होती. धाब्यावरची माती पाणी पिऊन जड झाली, पन्हळ तुंबली, आणि गावाबाहेरचा नाला गल्लीपर्यंत चढून भिंतीच्या पायथ्याशी दोन दिवस बसून राहिला. वरून पाणी, खालून पाणी. मग मध्यरात्री भिंत पोटातून फुगली आणि शेजारच्या गोठ्याकडे झुकत झुकत खाली बसली. माय त्याच भिंतीला डोके लावून झोपत असे. त्या रात्री ओल वाढली म्हणून तिने खाट आदल्या संध्याकाळीच मधल्या खणात ओढून घेतली होती. एवढ्यावरच निभावले.

पण ती भिंत आमची एकट्यांची नव्हती. आजोबांनी दोन मुलांसाठी एकच वाडा मधोमध विभागला, तेव्हा घातलेली ती सामाईक भिंत. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला माझा थोरला चुलतभाऊ, ज्याला मी जन्मभर दादा म्हणत आलो. दोन दिवसांनी पटवारी आले. आमच्याकडे सरकारी कामकाज हिंदीत चालते आणि घरातले मराठीत, हे वाचकांना सांगायला नको. त्यांनी विचारले, "मकान कच्चा है या पक्का?" आणि वहीत लिहिले, 'कच्चा मकान, आंशिक क्षति'. मी त्या दिवशी बऱ्हाणपुरात औषधे आणायला गेलो होतो. दादा दारात उभा होता, म्हणून पंचनाम्यावर नाव त्याचे लागले. पुढे मदतीची रक्कम त्याच्या खात्यात जमा झाली. रक्कम एवढी लहान होती की गवंड्याची चार दिवसांची मजुरीही तीत सुटली नसती. तरी तिच्यावरून आम्ही दोघे तीन वर्षे एकमेकांशी बोललो नाही. तीन दिवाळ्यांत त्या घरचा फराळाचा डबा आमच्याकडे आला नाही आणि आमचाही तिकडे गेला नाही.

या अबोल्याच्या काळात मला एक नाद लागला. पाण्याने घर पडले तर भरपाई कोणी द्यायची, हा प्रश्न आपल्या मुलखात आजवर कोणी कसा सोडवला, हे जुन्या नव्या कागदांत शोधायचा. मी व्यवसायाने इतिहासकार नाही. पण बऱ्हाणपुराच्या आसपास राहणाऱ्याला इतिहासाला बाहेर शोधायला जावे लागत नाही.

मराठी दफ्तरांत वारंवार भेटणारा एक जोडशब्द आहे, 'अस्मानी सुलतानी'. आपण तो आता नुसता संकट या अर्थी वापरतो. जुन्या कौलनाम्यांत मात्र त्याला नेमका अर्थ होता. सारा ठरवताना, गाव मक्त्याने देताना लिहून ठेवायचे की अस्मानी झाली, म्हणजे अवर्षण, अतिवृष्टी, पूर, टोळधाड. किंवा सुलतानी झाली, म्हणजे फौज येऊन गाव लुटले गेले, तर देणे माफ किंवा कमी. आजच्या विम्याच्या कागदात कलमामागून कलमे घालून जे लिहितात, ते आपल्या पूर्वजांनी दोन शब्दांत बसवले होते. फरक एवढाच की ती सूट होती, भरपाई नव्हती. पडलेली भिंत उभी करायला त्यातून दमडी मिळत नसे. सरकार आपले मागणे थांबवी, इतकेच.

आमच्या बऱ्हाणपुराने अस्मानी आणि सुलतानी एकाच वेळी पाहिली ती 1630 ते 1632 च्या दुष्काळात. शाहजहान तेव्हा दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरातच तळ देऊन होता. मुमताजमहल 1631 च्या जूनमध्ये इथेच वारली आणि तापीपलीकडच्या जैनाबादेतल्या आहुखान्यात तिला आधी पुरले होते, हे शाळेतली पोरेही सांगतात. पण त्याच काळच्या दरबारी बखरीत नोंदले आहे की बादशहाने लंगरखाने उघडले, बऱ्हाणपुरात दर सोमवारी 5,000 रुपये गरिबांना वाटायचा हुकूम केला, आणि खालसा मुलखातला सुमारे 70 लाख रुपयांचा सारा सोडला. एकूण वसुलीचा हा अकरावा हिस्सा म्हणतात. ज्या फौजेने मुलखातले धान्य खाल्ले, तिच्याच धन्याने सोमवारी पैसे वाटले. मदतीच्या रांगेत उभे राहणे आमच्या भागाला तेव्हापासून ठाऊक आहे.

मग भरपाई हा प्रकार कुणालाच माहीत नव्हता का? होता. तो फक्त घरांसाठी नव्हता. 'विमा' हा आपला शब्द फारसीतल्या 'बीम' वरून आलेला, आणि बीम म्हणजे भीती. आमच्याकडच्या पाट्यांवर हिंदीत 'बीमा' लिहितात, तो मुळाला अधिक जवळचा. सुरतेहून आग्ऱ्याला जाणारा व्यापारी रस्ता बऱ्हाणपुरावरून जाई. इथले तलम कापड आणि जरीकाम त्या वाटेने सुरतेच्या बंदराला लागे. वाटेतल्या मालाची जोखीम पैसे घेऊन पत्करणारे सराफ त्या काळी होते. समुद्रावरच्या मालासाठी 'जोखमी हुंडी' असे. सराफ व्यापाऱ्याला पैसे आधीच देई, आणि ते त्याला माल पोचलेल्या बंदरात परत मिळत. पण गलबत बुडाले तर सराफाचे पैसेही बुडत. कर्ज आणि विमा एकाच चिठीत! हिशेबाला किती पक्की माणसे ती. पण त्या चिठ्या कापसाच्या गाठींच्या आणि रेशमाच्या होत्या. मातीच्या भिंतीवर कुणी जोखीम घेतली नाही, कारण भिंत कुठे जात नाही, विकली जात नाही, आणि तिच्यावर नफा नाही.

तापीच्या दुसऱ्या टोकाला, सुरतेत, याचा परिणाम 1837 साली दिसला. त्या वर्षी आधी मोठी आग लागून हजारो घरे जळाली आणि पुढे पावसाळ्यात तापीचा पूर आला. अनेक धनिक घराणी मुंबईला निघून गेली. ज्यांचा पैसा हुंडीवर हलत होता ते हलले. ज्यांचे सगळे घरातच होते ते राहिले.

आमचा बऱ्हाणपूर परगणा शिंद्यांकडे होता, तो 1860 मध्ये अदलाबदलीत इंग्रजांकडे गेला आणि निमाड जिल्ह्यात आला. तेव्हापासून आम्ही खानदेशाचे असून खानदेशात नाही. इंग्रजांनी 1883 आणि 1884 च्या कायद्यांनी तगाई शास्त्रशुद्ध केली. विहिरीला, बांधाला, बियाण्याला, बैलाला कर्ज मिळू लागले. त्या कायद्यांचा डोळा शेतावर होता, कारण सारा शेतातून येतो. घर सारा देत नाही. घर पडले तर जातभाई, भावकी आणि गावचा सुतार, एवढेच.

यापुढची मोठी घटना मला कागदातून शोधावी लागली नाही, ती मामांकडून ऐकली. माझे मामा 1961 साली पुण्यात नारायण पेठेत भाड्याच्या जागेत छोटा छापखाना चालवत. पानशेतचे मातीचे धरण अजून पुरे झालेले नव्हते, आणि तरी त्यात पाणी साठवले होते. धरण खचू लागले तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. 12 जुलैच्या सकाळी ते फुटले, त्या लोंढ्याने खालचे खडकवासलाही फोडले, आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. मामा सांगत, "पाणी उतरलं तेव्हा टाइपाच्या केसांतून चिखलच निघाला, अक्षर एकही दिसेना." त्यांच्याकडे एका कंपनीचा आगीचा विमा होता. मोठ्या विश्वासाने ते कागद घेऊन गेले. उत्तर मिळाले की हा विमा आगीचा आणि विजेचा आहे; पुराची जोखीम वेगळा हप्ता भरून जोडून घ्यावी लागते, ती तुम्ही घेतलेली नाही. कागदाप्रमाणे ते बरोबर होते. मामांना वाचताना ती ओळ दिसली नव्हती, आणि पॉलिसी विकणाऱ्यानेही ती दाखवली नव्हती.

पानशेतचा प्रश्न माझ्या जोडशब्दाचाच होता. पाणी आले ते अस्मानी की सुलतानी? पाऊस अस्मानी खरा, पण अपुरे धरण भरायची घाई कोणाची? चौकशीला नेमलेले न्यायमूर्ती बावडेकर यांनी काम चालू असतानाच आत्महत्या केली, आणि पुढे न्यायमूर्ती नाईक यांनी ती चौकशी पुरी केली. पूरग्रस्तांसाठी आधी निसेन हट उभ्या राहिल्या, मग गोखलेनगरसारख्या वसाहती झाल्या, आणि शंभरावर सहकारी गृहसंस्था सरकारी जमिनीवर बसल्या. त्या जमिनी भाडेपट्ट्याच्या की मालकीच्या, हे भांडण पुढच्या पिढीला पुरले. मामांना छापखान्यासाठी काही मिळाले नाही. ते नोकरीला लागले आणि निवृत्त होईपर्यंत दुसऱ्याच्या छापखान्यात प्रुफे तपासत राहिले. आगीच्या विम्याचा तो कागद त्यांनी शेवटपर्यंत फाडला नाही.

1 जानेवारी 1973 ला सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण अमलात आले. 107 कंपन्या चार कंपन्यांत सामावल्या गेल्या. पुढे आगीच्या पॉलिसीतच वादळ, पूर, जलमय होणे हे धोके ठरावीक नमुन्यात आले, पण खेड्यातल्या घरापर्यंत ते पोचले नाहीत. शहरात मात्र 26 जुलै 2005 ने लोकांना जागे केले. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि घराचा विमा हा केवळ बँकेच्या कर्जापुरता नसतो हे मुंबईकरांना त्या दिवशी कळले. 2019 मध्ये सांगली आणि कोल्हापूर, 2021 च्या जुलैत चिपळूण. प्रत्येक पुरानंतर तेच प्रश्न नव्याने विचारले गेले.

ते प्रश्न इथे थोडे विस्ताराने सांगतो, कारण आपल्यातल्या किती जणांच्या कपाटात पॉलिसी आहे आणि ती कितींनी वाचली आहे, याबद्दल मला शंका आहे. पहिला घोटाळा रकमेचा. घर पुन्हा बांधायला 10 लाख लागणार असतील आणि आपण हप्ता वाचवायला 5 लाखांचाच विमा उतरवला, तर जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत 2 लाखांच्या नुकसानीला 1 लाखच मिळत असे. निम्मा विमा, निम्मी भरपाई. लोकांना वाटे की 5 लाखांच्या आतले नुकसान पूर्ण मिळेल. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने सर्व कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी विकायला लावली, तीत ही कापाकापी काढून टाकली. पूर, वादळ, दरड आणि घरातली पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे, हे सारे तीत धरले आहे. सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, वेगळी यादी न देता संरक्षण मिळते. रक्कम ठरवताना जागेची किंमत धरायची नसते, बांधकामाचा खर्च धरायचा. जमीन पुरात वाहून जात नाही, निदान विम्याच्या दृष्टीने नाही.

दुसरा घोटाळा साफसफाईचा. पाणी ओसरले की आपल्या बायका पहाटेच झाडू घेऊन उभ्या राहतात. ते स्वाभाविक आहे. पण विमा असेल तर आधी कंपनीला कळवायचे, भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेले धान्य, फुगलेली दारे यांचे फोटो काढायचे, आणि फेकायच्या वस्तूंचा नमुना सर्वेक्षक येईपर्यंत बाजूला ठेवायचा. मोठ्या नुकसानीची पाहणी परवानाधारक सर्वेक्षकाने करायची, हे 1938 च्या विमा कायद्याच्या 64 यूएम कलमातच आहे. त्याच वेळी नुकसान वाढू न देणे हीही विमेदाराची जबाबदारी आहे. म्हणजे पाणी उपसायचे, वीज बंद करायची, छतावर ताडपत्री टाकायची, पण पुरावा पुसायचा नाही. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभर वाट, आणि मग वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. तिथे शुल्क नाही. आम्हा बऱ्हाणपूरकरांचा लोकपाल भोपाळला आणि दहा कोसांवरच्या रावेरच्या पाहुण्यांचा पुण्याला. नदी एकच, पाऊस एकच, लोकपाल दोन.

असो. विमा नसलेल्यांचा आसरा म्हणजे सरकारी मदत. मध्य प्रदेशात तिला सगळे 'आरबीसी छह-चार' म्हणतात, म्हणजे राजस्व पुस्तक परिपत्राचा 6-4 हा भाग. गावातली अक्षरओळख नसलेली म्हातारीही हे आकडे बरोबर उच्चारते. केंद्राच्या आपत्ती निधीच्या 2022 च्या निकषांत सपाट प्रदेशातल्या पूर्ण पडलेल्या घराला 1,20,000 रुपये आहेत. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला 6,500, कच्च्याला 4,000, आणि तेही नुकसान किमान 15 टक्के असेल तर. 'पूर्ण' आणि 'आंशिक' या दोन शब्दांमधले अंतर असे लाखाचे आहे. पटवाऱ्याच्या पेनाकडे सगळी गल्ली श्वास रोखून का पाहते, ते यावरून समजावे. मातीच्या घराची एक भिंत गेली तर कागदावर ते आंशिक. पण ज्या भिंतीवर सागाच्या कड्या टेकल्या आहेत ती गेली, तर उरलेले घर राहण्याजोगे असते का, हा प्रश्न नमुन्यात नाही.

आमची भिंत शेवटी मी एकट्याने बांधली. तिथेही एक चूक केलीच. एका शहरी गवंड्याच्या सल्ल्याने पहिल्याच महिन्यात ओल्या मातीवर सिमेंटचा गिलावा चढवला. दिसायला चकचकीत. पुढच्या पावसाळ्यात आतली ओल आतच कोंडली, भिंतीला लोणा लागला आणि पोपडे हातभर निघू लागले. मातीची भिंत श्वास घेते, तिला सिमेंटने गुदमरवू नये, हे माय पहिल्या दिवशी बोलली होती. "भिंत वाळू दे, मग लिप," एवढेच. मी ऐकले नाही. मग सगळा गिलावा खरवडून काढला, दारेखिडक्या उघड्या ठेवून उन्हाळाभर भिंत वाळू दिली, पांढरीची माती आणि गव्हाचा भुसा आठ दिवस कुजवून त्याचा लेप दिला. धाब्यावर मृगाआधी खारी माती नव्याने पसरली आणि पन्हळ भिंतीपासून हातभर पुढे काढली. त्यानंतर ती भिंत हललेली नाही.

त्याच सुमारास मी घराचा विमा उतरवायला गेलो होतो. शाखेतल्या बाईंनी घराच्या मालकीचा कागद मागितला. माझ्याकडे आजोबांच्या हातची वाटणीची चिठ्ठी, ती मराठीत. त्यांनी सौजन्याने सांगितले की हिचे हिंदी भाषांतर जोडा, आणि तरीही हा मालकीचा पुरावा होणार नाही. खरेच आहे. गावठाणातल्या, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत आबादीतल्या, घरांना पिढ्यान्‌पिढ्या सातबाराही नव्हता आणि खसराही नव्हता. शेताचा नकाशा बांधापर्यंत काटेकोर. घर तेवढे पांढऱ्या कागदावर कोरे. 24 एप्रिल 2020 ला स्वामित्व योजना सुरू झाली आणि ड्रोनने गावठाणे मोजू लागली, तेव्हा कुठे हे कोरेपण भरू लागले.

आमच्या गल्लीवर ड्रोन फिरला तेव्हा दादा आणि मी दोघेही धाब्यावर होतो, आपापल्या. मोजणीआधी चुन्याच्या रेघा मारायच्या होत्या. सामाईक भिंतीवर रेघ कुठे मारायची यावर कर्मचारी खोळंबला. दादा वरून म्हणाला, "मधोमध मार. निम्मी त्याची आहे." अबोला त्याआधीच सुटला होता, मायच्या आजारपणात. पण भिंतीबद्दल तो पहिल्यांदाच बोलला. मग खाली आल्यावर त्याने 2013 च्या मदतीच्या निम्म्या पैशांचा हिशेब काढला, आणि मी तो घेतला नाही, आणि तो रागावला. पुन्हा भांडणच होणार होते, पण वहिनींनी चहा आणला.

2022 च्या जुलैत आमचा बऱ्हाणपूर जिल्हा देशातला पहिला 'हर घर जल' प्रमाणित जिल्हा ठरला. ज्या शहराला 1615 साली तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने जमिनीखालच्या कुंड्यांतून सातपुड्याचे पाणी आणून दिले, त्याच्या भोवतालच्या खेड्यांत आता घरोघरी नळ आहे. आमच्याकडचा नळ त्याच भिंतीतून आला आहे, एक तोटी इकडे, एक तिकडे. गेल्या वैशाखात सांध्याजवळ तळहाताएवढी ओल दिसली. मी पॉलिसीचा नमुना काढून पाहिला. नळ अचानक फुटला तर भरपाई, हळूहळू झिरपत राहिला तर नाही.

संध्याकाळी भिंतीवर टकटक झाली. लहानपणी आम्ही अशीच एकमेकांना हाक मारत असू. पलीकडून दादा विचारत होता, "तुझ्याकडेही ओल आली का रे? प्लंबर उद्या सांगू की आज?"

मी म्हणालो, आजच सांग.